गावाच्या पाण्याची वही: शाळा आणि गावासाठी पाणलोट शिक्षणाचा वर्षभराचा आराखडा

दरवर्षी २२ मार्चला, जागतिक जल दिनी, शाळाशाळांतून प्रभातफेरी निघते. मुलं घोषणा देत गावभर फिरतात, पाट्या परत कपाटामागे जातात आणि एप्रिलमध्ये त्याच गावात टँकर सुरू होतो. 'दात घासताना नळ बंद करा' हा धडा आठवड्यातून दोनदा पाणी येणाऱ्या गावात शिकवणं म्हणजे तर थट्टाच. घागर कशी पुरवायची हे त्या मुलांच्या आयांना कुणी सांगायला नको. पण यंदा शिवारात पाऊस पडला किती, मुरला किती आणि आपण उपसा केला किती, हे गावात कुणालाच नेमकं सांगता येत नाही.

म्हणून इथे सुचवलेला कार्यक्रम एकाच कामाभोवती उभा आहे: शाळेने गावाच्या पाण्याची वही लिहायची आणि ती ग्रामसभेत वाचायची. नकाशा, प्रयोग, शिवारफेरी, बंधारा हे सगळं त्या वहीसाठी. डोळ्यासमोर गाव ठेवलं आहे ते पर्जन्यछायेतलं, बसाल्टच्या काळ्या खडकावरचं, पंधराशे वस्तीचं. पारनेर, माण, आटपाडी, आष्टी, कुठलाही तालुका धरा. कोकणात किंवा पूर्व विदर्भात आकडे बदलतील, रीत तीच राहील.

एप्रिल-मे: माणसं जमवा, हद्द आखा

एका उत्साही गुरुजींच्या जिवावर हे काम सुरू करू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली कधीही येते आणि गुरुजींबरोबर उपक्रमही जातो. निदान दोन शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक, बचत गटातली एक बाई आणि ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी एवढी माणसं हवीत. यातला शेवटचा माणूस बैठकीला कुणी बोलावत नाही, पण कोणत्या विहिरीला कधी तळ लागतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. गावात विहिरी खोदणारा एखादा जुना गडी असेल तर त्यालाही घ्या. मुरूम किती हातांवर संपला, त्याखालचा मांजऱ्या खडक कुठे लागला, काळा पाषाण कुठून सुरू झाला, हे तो न बघता सांगतो. भूगोलाच्या पुस्तकातला 'बेसॉल्ट' मुलांना त्याच्याच तोंडून समजतो.

अभ्यासक्रमात जागा शोधायला लागत नाही. नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषय आहेच, त्याचे प्रकल्प इथेच करून घ्या. सहावी ते आठवीसाठी ही मोजमापं म्हणजे क्षेत्रफळ, घनफळ आणि आलेखांचा सराव. तिसरी-चौथीच्या मुलांना परिसर अभ्यासात शिवारफेरी आणि मातीचा नकाशा पुरे.

मग हद्द. ज्या भागातलं पावसाचं पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळतं तो त्या ओढ्याचा पाणलोट. गावाची शीव आणि पाणलोटाची हद्द क्वचितच जुळते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. त्यावर साधारण दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, असते. ओढा गावाबाहेर पडतो ती जागा नकाशावर शोधा. तिथून दोन्ही अंगांनी समोच्च रेषांना काटकोनात छेदत चढत जा, म्हणजे पेन्सिल आपोआप डोंगरधारेवर पोहोचते. धारेधारेने जाऊन दोन्ही टोकं जोडली की झाला तुमच्या ओढ्याचा पाणलोट. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने सगळ्या राज्याचे असे पंधराशेहून अधिक पाणलोट पाडले आहेत. आपलं गाव कोणत्या पाणलोटात येतं हे जिल्हा कार्यालयात विचारता येतं. तिथल्या भूवैज्ञानिकांना एकदा शाळेत बोलवा.

नकाशावरची रेषा वरच्या गावात शिरली, तर त्या गावातल्या शाळेला आत्ताच कळवा. तिथे चर खणले किंवा बंधारा बांधला की परिणाम खाली होतो, आणि भांडणं नेमकी इथेच सुरू होतात. मुलांच्या निमित्ताने दोन गावं एकदा एका धारेवर उभी राहिली, तर पुढचं बोलणं बरंच सोपं जातं.

शिवारफेरी

फेरी माथ्यावरून सुरू करा. ओढ्याकाठून सुरू केली तर मुलं पाण्यात रमतात आणि चढ लागेपर्यंत दमतात. 'माथा ते पायथा' हे पाणलोट कामातलं पहिलं सूत्र पायाने शिकण्याची हीच रीत. माथ्यावर उघडा मुरूम दिसतो, उतारावर ओघळी दिसतात, त्यांची घळ कुठे होते ते दिसतं, आणि खाली आल्यावर बंधाऱ्यात साचलेला गाळ कुठून आला ते सांगावं लागत नाही. दर थांब्यावर मुलांनी चारच गोष्टी टिपायच्या: उतार कसा आहे, माती किती खोल आहे, जमिनीवर काय उगवलंय आणि पाणी इथून पुढे कुठे जाईल.

एक फेरी मे महिन्यात, दुसरी जुलैत पाऊस पडून गेल्यावर. दोन्ही वेळी त्याच जागांवरून फोटो घ्या. मेमधल्या फेरीत साठी-सत्तरीची एक-दोन माणसं बरोबर असावीत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसं अजून आहेत. तेव्हा कोणत्या विहिरीला पाणी टिकलं होतं, हा एक प्रश्न त्यांना विचारा. उत्तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतं आणि ते ठिकाण खडकाच्या दृष्टीने का चांगलं आहे याचा शोध वर्षभर पुरतो.

पाणाड्याचा, म्हणजे विहिरीची जागा दाखवणाऱ्याचा, विषय निघणारच. हातावर नारळ उभा राहतो की नाही यावर वर्गात वाद घालू नका, घरी भांडणं लागतात. त्याने दाखवलेल्या जागा, तिथली खोली आणि लागलेलं पाणी वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी मुलं स्वतःच मोजून बघतील.

जून: पर्जन्यमापक आणि अतिवृष्टीचा आकडा

बाजारातला प्लास्टिकचा पर्जन्यमापक काही शे रुपयांत मिळतो. नसेल तर सरळ भिंतीची दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवा, तळाशी खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा आणि त्या रेषेला शून्य धरा. भिंत सरळ असेल तर पट्टीवरचे मिलिमीटर म्हणजेच पावसाचे मिलिमीटर. झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान तिच्या दुप्पट अंतर सोडून तो उघड्यावर बसवा. वाचन रोज सकाळी साडेआठला घ्यायचं, हवामान खात्याची वेळही तीच आहे. वाचून झाल्यावर पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. पाऊस नसेल त्या दिवशी '०' लिहायचा. कोरी जागा सोडली तर महिन्याने तो कोरडा दिवस होता की विसरलेला, हे कळत नाही.

आकडा शाळेच्या भिंतीवर नको, चावडीच्या किंवा दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर लिहा. तारखेशेजारी नक्षत्रही लिहा. गावातला म्हातारा 'जुलैत किती झाला' विचारत नाही, 'पुष्यात किती झाला' विचारतो. मृगापासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राची बेरीज फळ्यावर दिसू लागली की फळ्यापुढे माणसं थांबतात.

या वाचनाला व्यवहारात किंमतही आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, पण ती मोजली जाते महसूल मंडळाच्या केंद्रावर. मंडळ पसरलेलं असतं आणि वळवाचा पाऊस बांधाच्या एका बाजूला पडतो, दुसऱ्या बाजूला नाही. शाळेच्या नोंदीला सरकारी पुराव्याचं वजन नाही, हे मुलांना आणि पालकांना सुरुवातीलाच सांगा. पण मंडळाचा आकडा आणि गावाचा आकडा यांत नेहमीच तफावत येते, हे मांडायला हातात तारीखवार वही असली तर बोलण्याला जोर येतो.

आणि एक हिशेब मुलांकडून पाठच करून घ्या: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर, पाऊस ४५० मिलिमीटर, वीस टक्के वाया गेला असं धरलं तरी ७२ हजार लिटर. दहा हजार लिटरचे सात टँकर शाळेच्या डोक्यावरून वाहून जातात.

जुलै-ऑगस्ट: मुरतं कुठे, पळतं कुठे

दोन्ही बाजूंनी उघडा, १५ सेंटीमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा जमिनीत पाचेक सेंटीमीटर ठोका, त्यात एक लिटर पाणी ओता आणि मोबाइलवर वेळ लावा. ते एक लिटर म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर पावसाएवढं पाणी. चार जागा निवडा: झाडाखालची पालापाचोळ्याची, नांगरलेली, जनावरांनी तुडवलेली आणि शाळेचं मैदान. मैदानावरचं पाणी तासभरही हलत नाही आणि झाडाखाली ते बघताबघता नाहीसं होतं, तेव्हा चराईबंदीची चर्चा मुलांच्या डोक्यात आपोआप शिरते. धो धो पावसात एकदा ओढ्याचं पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी बसलेला थर म्हणजे कुणाच्या तरी शेतातली माती. तिच्या मालकाला ती बरणी दाखवायला हरकत नाही.

समतल रेषा आखायला 'ए फ्रेम' पुरते. सारख्या लांबीच्या, साधारण सात फुटी दोन काठ्या वर बांधा, मध्ये आडवी काठी बांधा आणि शेंड्यावरून दोरीला दगड लोंबकळत सोडा. जमिनीवर दोन खुंट्या ठोकून त्यांवर पाय ठेवा, दोरी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे खूण करा. आता पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. मग एक पाय रोवून, दोरी मधोमध येईल तिथे दुसरा पुढे टाकत, प्रत्येक ठिकाणी फक्कीची खूण करत उताराला आडवं चालत जायचं. रेषा सरळ येत नाही, नागमोडी येते, आणि मुलांना वाटतं काहीतरी चुकलं. जुने, उताराला तिरके खणलेले चर गावात असतील तर त्यांच्यावर हीच फ्रेम लावून बघा. पाणी एका टोकाला धावून चर का फुटला, ते दिसेल.

सप्टेंबर: विहिरी

इथे पहिला नियम सुरक्षेचा. विहिरीवर मुलांनी एकटं जायचं नाही. कठडा असलेल्याच विहिरी निवडायच्या, फीत मोठ्या माणसाने सोडायची, मुलांनी दोन हात लांब उभं राहून वाचन लिहायचं. पालकांची लेखी संमती आधी घ्या.

माथा, मध्य आणि पायथा यांवरच्या मिळून सहा ते दहा विहिरी पुरतात. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. मिळालेल्या अंतरातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाणी किती खोल ते कळतं. घरात 'परस' हे (साधारण माणसाच्या उंचीएवढं) माप चालत असेल तर तेही शेजारी लिहा. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची मोजणी पावसाळ्यानंतर आणि मग जानेवारी, मार्च, मे अशी वर्षातून चार वेळा होते. शाळेने निदान तेवढी तरी करावी, जमलं तर दरमहा. मोजण्याआधी पंप किती वेळ बंद होता हे विचारून लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही.

आठ मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटरने चढलं म्हणजे सुमारे ५० हजार लिटर आलं. हा हिशेब सातवीतलं पोर करतं, आणि विहिरीच्या मालकाने तो आयुष्यात केलेला नसतो.

मालकाची अडचण वेगळी असते. आपल्या विहिरीला किती पाणी आहे किंवा शिवारात बोअर किती आहेत, हे गावासमोर यावं असं सगळ्यांना वाटत नाही. म्हणून वहीत नावं नकोत, क्रमांक द्या. कुणी नाही म्हटलं तर पुढची विहीर बघा. बोअरवेलची मोजदाद सगळ्यात शेवटी, आणि ती मुलांकडून नव्हे, ग्रामपंचायतीकडून.

पाण्याचा दर्जा याच फेरीत तपासा. जलजीवन मिशनमधून गावात क्षेत्रीय तपासणी संच आलेले असतात आणि ते वापरायला बायकांना शिकवलेलं असतं. तो संच कपाटात असेल तर बाहेर काढा आणि त्याच बायकांना वर्गात शिकवायला बोलवा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत आणि फ्लोराइड १.५ च्या आत हवं. नायट्रेट वाढलं असेल तर उकिरडे, शौचालयाचे खड्डे आणि युरिया या तिन्हींचं विहिरीपासूनचं अंतर मोजा. संचाची तपासणी प्राथमिक असते. शंका आली की नमुना प्रयोगशाळेकडे पाठवा, तोवर गावात हाकाटी नको.

ताळेबंद

सगळ्या वर्षाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे वेळ घ्या. उदाहरणादाखल ८०० हेक्टरचं शिवार आणि ४५० मिलिमीटर पाऊस धरू. पडलेलं पाणी ३६० कोटी लिटर. आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग खूश होतो, एवढं पाणी! मग वजाबाकी सुरू करा. बरंचसं उडून जातं, खरिपाची पिकं आणि गवत पितात, काही ओढ्याने वाहून जातं. बसाल्टमध्ये खाली मुरतं ते जागेनुसार कमी-जास्त, सोयीसाठी दहा टक्के धरू. उरले ३६ कोटी लिटर.

माणसं पंधराशे, माणशी रोजचे ५५ लिटर. वर्षाला ३ कोटी. सहाशे मोठी जनावरं, प्रत्येकी ५० लिटर धरले तर आणखी १.१ कोटी. (जनावरांचा आकडा मुलांनी घरी बादल्या मोजून आणावा, तो गावागणिक बदलतो.) म्हणजे शेतीला राहिले साधारण ३२ कोटी. उसाला पावसाखेरीज दीड मीटर पाणी लागतं असं धरलं तर एकरी ६० लाख लिटर. सगळं भूजल उसाला दिलं तर सुमारे ५३ एकर भिजेल. हरभऱ्याला दोन-तीन पाळ्यांत १५ सेंटीमीटर पाणी दिलं तर एकरी ६ लाख लिटर, म्हणजे तेवढ्याच पाण्यात ५३० एकर. आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं घरगुती पाणी म्हणजे पाच एकर उसाचं पाणी.

हा हिशेब ढोबळ आहे. दिलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरतं, ठिबकवर उसाचा आकडा खाली येतो, तुमच्या खडकात दहाऐवजी पाच टक्केच मुरत असेल. ते सगळं मुलांसमोर उघडपणे बोला आणि आकडे बदलून पुन्हा मांडा. पण कसंही मांडलं तरी प्रश्न किती पाणी अडवलं यावरून कोण किती वापरतो यावर येतोच. आपल्याकडच्या पाणलोट प्रबोधनाची मोठी उणीव हीच, की ते 'पाणी अडवा, पाणी जिरवा' इथे थांबतं. चर खणणं सगळ्यांना आवडतं, फोटोही छान येतात. वापराचं बोलायला कुणी तयार नसतं.

ज्यांनी बोलायचं धाडस केलं त्यांची उदाहरणं वर्गात सांगा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही तर माणशी ठरला, भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पावसाच्या आकड्यावरून गावाचा ताळेबंद मांडतात, रब्बीत काय पेरायचं ते त्यावर ठरतं, आणि शेतीसाठी बोअरवेल चालत नाही. गावात अटल भूजल योजना राबवली असेल तर पर्जन्यमापक आणि जलसुरक्षा आराखडाही असेल. तो ग्रामपंचायतीतून मागून घ्या आणि मुलांच्या आकड्यांशी ताडून बघा.

२ ऑक्टोबर: ग्रामसभा

ताळेबंद वाचायला २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोयीची. परतीचा पाऊस बाकी असतो, पण हरभरा-गव्हाचा निर्णय अजून हातात असतो. ज्वारीची पेरणी मात्र आधीच सुरू होते, म्हणून कच्चा आकडा सप्टेंबरच्या मध्यालाच फळ्यावर आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. विषय कार्यसूचीत यावा यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) सभेची नोटीस निघण्याआधीच लेखी पत्र द्या. त्याआधी महिलांची सभा होते तिथेही वाचा, प्रश्न तिथेच जास्त येतात.

दोन मुलांनी दहा मिनिटांत तीन आकडे सांगायचे: पडलं किती, विहिरी गेल्या वर्षीपेक्षा कुठे आहेत, मार्चनंतर किती दिवस पुरेल. 'अमुक पीक घेऊ नका' हे मुलांच्या तोंडी देऊ नका. सल्ला आला की एखादा बागायतदार चिडतो आणि रोष शाळेवर निघतो. आकडा मांडून बसायचं, चर्चा मोठ्यांनी करायची. गावाचा विकास आराखडा याच सुमारास बनतो. कोणत्या ओघळीवर दगडी बांध हवा, कुठला गाळ काढायचा, ही शिवारफेरीतली यादी सभेत द्या. वित्त आयोगाच्या निधीतला पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला हिस्सा अशा कामांना मागता येतो.

ऑक्टोबर: वनराई बंधारा

मुलांच्या हाताने होण्यासारखं काम हेच. ओढा अजून वाहता असताना, पात्र अरुंद आणि काठ उंच अशी जागा बघा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरून शिवायच्या, विटांसारखे सांधे चुकवत रचायच्या आणि फटींत चिकण माती ठासायची. उंची कमरेपेक्षा जास्त नको. मुलांनी गोण्या भराव्यात, रचाई मोठ्यांनी करावी. जागा वनहद्दीत असेल तर वन विभागाची परवानगी घ्या. आणि मे महिन्यात त्याच गोण्या काढायला या. उन्हाने विरलेलं प्लास्टिक पहिल्या पुरात खालच्या गावात जातं, ही गोष्ट उद्घाटनाच्या दिवशी कुणाच्याच लक्षात नसते.

पुढच्या वर्षासाठी

वहीच्या दोन प्रती ठेवा, एक शाळेत आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात. दर महिन्याला पानांचे फोटो घ्या. शाळा सोडून जाणाऱ्या मुलांनी खालच्या वर्गातल्या दोघांना विहिरी दाखवून जायचं, प्रत्यक्ष नेऊन. मूल्यमापन परीक्षेने करू नका. उन्हाळ्याअखेर तीन गोष्टी तपासा: वहीत कोरे दिवस किती आहेत, ग्रामसभेच्या इतिवृत्तात ताळेबंदाचा उल्लेख आला का, आणि एखाद्या तरी शेतकऱ्याने पेरणीआधी फळ्यावरचा आकडा विचारला का. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पर्जन्यमापक कोण वाचणार, त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शाळेजवळ राहणारं मूल असेल तर उत्तम, आणि त्याच्या आजोबांना साडेआठची वेळ सांगून ठेवा.